कोरड्या ऋतूचे रहिवासी

दक्षिण गोलार्धातील जून महिना हा हिवाळ्याचा महिना. व्हिक्टोरियात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात पहाटेच्या गवतावर हिमकण दिसू लागतात, अंगणातील झाडे उघडी पडतात आणि म्हाताऱ्या माणसांचे सांधे थंडीची वर्दी देतात. त्या सुमारास एखादे निवृत्त जोडपे घराला कुलूप घालते, किल्ली शेजाऱ्याकडे देते, मोटारीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडते आणि उत्तरेची वाट धरते. ॲडलेडहून डार्विन सुमारे ३००० किलोमीटर. वाटेत तांबडे वाळवंट, वारुळे आणि तासन्‌तास न बदलणारे क्षितिज. अखेर समुद्र दिसतो तेव्हा दुपारी तीस अंशांची ऊब असते आणि आभाळात ढगाचा ठिपकाही नसतो. कॅरव्हॅनच्या तळावर भाड्याची जागा मिळते, कापडी मांडव उभा राहतो, दोन घडीच्या खुर्च्या बाहेर येतात. पुढील तीन महिने हेच त्यांचे घर.

अशी हजारो जोडपी दरवर्षी उत्तरेकडे येतात. ऑस्ट्रेलियन बोलीत त्यांना ‘ग्रे नोमॅड्स’, पिकल्या केसांचे भटके, म्हणतात. त्यांच्याकडे उपहासाने पाहणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. चाळीस वर्षे ज्यांनी घड्याळाच्या तंत्राने दिवस काढले, मुले वाढवली, घराचे हप्ते फेडले, त्यांनी उरलेल्या आयुष्यात थोडी ऊब मागितली तर त्यात गैर काय? तळावर त्यांची एक वसाहतच तयार होते. एकाच्या पंपाची दुरुस्ती दुसरा करतो; कोणाला रुग्णालयात न्यावे लागले तर चार मोटारी तयार असतात. भिंती पातळ असल्या की माणसे एकमेकांची अधिक चौकशी करतात, हा अनुभव चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

भारतीय वाचकाला येथे वानप्रस्थाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचे तोंड दिसले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा सोबत न्यावे, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. केस पिकले आहेत, नातवंडे झाली आहेत, दोघांनी मिळून घर सोडले आहे. साम्य पुरेसे आहे. परंतु तोच अध्याय पुढे असेही सांगतो की, वानप्रस्थाने उन्हाळ्यात पंचाग्नी साधावा, पावसाळ्यात उघड्यावर राहावे आणि हेमंतात ओल्या वस्त्रांनी वावरावे. म्हणजे ऋतूची जी बाजू शरीराला नकोशी तीच त्याने अंगावर घ्यायची. डार्विनच्या तळावरील जोडपे नेमके याच्या उलट वागते. त्याने घर सोडले आहे ते ऋतूला सामोरे जाण्यासाठी नव्हे, ऋतूला चुकवण्यासाठी.

देहदंडाची महती आज कोणी गाऊ नये. ओल्या वस्त्रांनी कोणाचे ज्ञान वाढले याचा पुरावाही नाही. प्रश्न देहदंडाचा नाहीच. प्रश्न असा आहे की, एखाद्या भूमीचे फक्त चांगले दिवस तेवढे घेणे आणि वाईट दिवस येण्याआधी निघून जाणे, याला त्या भूमीवर राहणे म्हणता येईल काय? आणि म्हणता येत नसेल, तर अशा राहण्याने कोणाचे काही देणे लागते काय?

डार्विनला येणारा प्रवासी दोन ऋतू सांगतो, कोरडा आणि ओला. जुलैत तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही. जानेवारीत मात्र सरासरी ४०० मिलिमीटरांहून अधिक पडतो. पण या भूमीचे मूळ लोक, लाराकिया, सात ऋतू मानतात. दाट दवाचा एक ऋतू आहे, मोठ्या वाऱ्याचा एक आहे, उंच वाढलेले गवत आडवे पाडणाऱ्या वादळी सरींचा एक आहे आणि पाऊस येणार येणार म्हणत न येण्याच्या जीवघेण्या उकाड्याचाही एक आहे. जून ते सप्टेंबर राहणाऱ्या जोडप्याच्या वाट्याला या सातांपैकी दोन, फार तर तीन येतात. तळाच्या कुंपणापाशी आंब्याचे झाड असेल तर त्यांना मोहोराचा वास मिळतो. फळ खऱ्या अर्थाने हाती येते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा ते दक्षिणेत आपल्या बागेतील गुलाब छाटत असतात.

आणि डार्विनची खरी स्मृती तर ओल्या ऋतूतच आहे. २४ डिसेंबर १९७४च्या रात्री ‘ट्रेसी’ नावाचे चक्रीवादळ शहरावर आले. सकाळ झाली तेव्हा ६६ माणसे दगावली होती आणि बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नव्हती. सुमारे ४७,००० वस्तीपैकी ३५,०००हून अधिक लोकांना काही दिवसांत बाहेर हलवावे लागले. त्यांतील कित्येक परतले नाहीत. जे परतले त्यांनी पुन्हा घरे उभारली. छपराची पकड किती घट्ट असावी हे त्यांना ठाऊक होते, कारण उडालेले छप्पर त्यांनी पाहिले होते. भूमीचे ज्ञान म्हणतात ते बहुधा असेच मिळते.

येथवर आल्यावर निवाडा देण्याचा मोह होतो. जो बारा महिने राहतो तो खरा, आणि जो तीन महिने राहतो तो खोटा. परंतु अखंड वास्तव्याची ही कसोटी हातात घेण्यापूर्वी ती डार्विनमध्येच कोणावर चालवली गेली हे पाहणे इष्ट. डार्विन परिसरावरील लाराकियांचा पारंपरिक हक्काचा दावा संघीय न्यायालयाने २००६ साली फेटाळला. परंपरागत नियमांचे आणि रूढींचे पालन गोऱ्यांच्या वसाहतीपूर्वीच्या काळापासून सलग चालत आले असले पाहिजे, ही कायद्याची अट होती. विसाव्या शतकात ते सातत्य खंडित झाले, असा निष्कर्ष निघाला. खंड पडला होता हे खरेच. पण तो वसाहतीच्या वाढीने पडला, सरकारी धोरणांनी पडला, लोकांना येथून तेथे हलवण्याने पडला. ज्यांना हुसकावले त्यांनाच विचारले गेले की, तुम्ही सतत येथे का नव्हता? बंदरापलीकडील कॉक्स द्वीपकल्पाविषयी १९७९ साली केलेल्या दुसऱ्या दाव्यातील जमीन परत मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. सदतीस वर्षांत दावा मांडणाऱ्यांपैकी अनेक जण काळाआड गेले.

आणखी एक दृश्य त्याच शहरात दिसते. तळाच्या कुंपणाबाहेर, समुद्राकाठच्या उंच गवतात, घर नसलेली काही आदिवासी माणसे रात्र काढतात. उघड्या आभाळाखाली झोपणे हे दोन्हीकडे एकच. पण कुंपणाच्या आत त्याला सुटी म्हणतात आणि कुंपणाबाहेर सार्वजनिक जागी मुक्काम केल्याबद्दल नगरपालिकेच्या उपविधींनुसार दंड होऊ शकतो. भटकणे हा गुण की अपराध, हे भटकण्यावरून ठरत नाही. परत जायला घर आहे की नाही यावरून ठरते. ज्याच्या खिशात कुलपाची किल्ली आहे त्याच्या भटकण्याला स्वातंत्र्य म्हणतात.

तेव्हा कालावधी ही कसोटी पुरेशी नाही, आणि सोसणे हीही नाही. बौद्ध परंपरेतील वर्षावासाची कथा येथे अधिक उपयोगी पडते. विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे की, भिक्षू पावसाळ्यातही हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव पायांखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. या नियमाचे मर्म पावसापासून भिक्षूचे रक्षण हे नाही. मर्म हे आहे की, आपण कोठे थांबावे आणि कोठून निघावे हे केवळ आपल्या सोयीने ठरू नये. आपल्या पायांखाली काय येते याचाही त्यात शब्द असावा. हिंडणाऱ्याला भूमीवर हक्क सांगता येणार नाही, पण भूमीची तक्रार ऐकून घेणे त्याला शक्य आहे. अतिथी आणि ग्राहक यांत फरक आहे तो एवढाच. ग्राहक भाडे देऊन मोकळा होतो. अतिथी निघताना मोकळा होत नाही. ज्या घरात तो जेवला त्या घराचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे बंधन त्याच्यावर राहते.

या जोडप्याला हे बंधन परके आहे असे मात्र नाही. दुसऱ्या एका ठिकाणी ते त्यांनी पन्नास वर्षे पाळलेले असते. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा बायको उत्तरेला निघून गेली नव्हती. बायकोच्या शस्त्रक्रियेनंतर नवरा रात्रभर खुर्चीत बसून राहिला होता. माणसाबरोबर राहणे म्हणजे त्याच्या सातही ऋतूंत राहणे, हे त्यांना कोणी शिकवायला नको. भूमीच्या बाबतीत जे त्यांना सुचत नाही ते सहचराच्या बाबतीत ते न बोलता करत आले आहेत. आणि पुढे जो ऋतू येणार आहे, दृष्टी मंद होण्याचा, हात थरथरण्याचा, दोघांपैकी एकानेच उरण्याचा, त्याला चुकवून जाणारा महामार्ग कोणत्याही नकाशावर नाही. मांडवाखाली संध्याकाळी दोघे गप्प बसतात तेव्हा हे त्यांना ठाऊक नसते असे कोण म्हणेल? कदाचित म्हणूनच प्रत्येक वर्षी ‘एकदा शेवटचे जाऊन येऊ’ असे ठरवून ते निघतात.

अशा माणसांकडून पश्चात्तापाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. अपेक्षा करायची तर एवढीच की, जे निष्ठेचे ज्ञान त्यांनी एका माणसाच्या संगतीत मिळवले त्याचा थोडा अंश त्यांनी या उसन्या भूमीलाही द्यावा. कुंपणापलीकडे कोण झोपतो हे पाहावे. ऋतू सात आहेत हे जाणून घ्यावे. डिसेंबरात वादळाची बातमी आली तर ती परक्या शहराची म्हणून उलटून टाकू नये.

सप्टेंबरच्या अखेरीस हवा जड होऊ लागते आणि मांडव उतरतात. चाकांखालचे ठोकळे काढले जातात, खुर्च्या मिटतात, कॅरव्हॅन हळूहळू फाटकाबाहेर पडते. जेथे मांडव होता तेथे पिवळ्या पडलेल्या गवताचा एक चौकोन उरतो. पहिल्या दमदार सरींनंतर तो हिरवा होतो. ते पाहायला त्या दोघांपैकी कोणीच तेथे नसते.