वळकटी टेकायला जागा

भुलेश्वरच्या गर्दीत, दुकानांच्या रांगेतून एक दरवाजा आत जातो. बाहेरून वाटावे, असेल एखाद्या चाळीचा बोळ. आत पाऊल टाकले की गोठे, ओल्या चाऱ्याचा वास आणि या भागात खरे वाटू नये इतके मोकळे आवार. हे मुंबई पांजरापोळ. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ मध्ये शहरात दंगल झाली होती. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने अनाथ जनावरांसाठी ही जागा उभी राहिली. वितीवितीने जमीन विकली जाणाऱ्या पेठेत गाईंचे अंगण पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकते, याचे कारण भूतदया एवढेच नाही. संस्थेमागे व्यापाऱ्यांची महाजने होती, मालावरची पट्टी होती, विश्वस्त होते आणि मिळकतींचे भाडे होते. हिशेब नीट राहिला म्हणून आवार राहिले.

माणसांच्या मुक्कामाच्या जागांचे एवढे नीट जमले नाही. बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट, धोबीतलाव, सी. पी. टँक या पट्ट्यात एके काळी गाडीतून किंवा बोटीतून उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्री पाठ टेकायला कुठे ना कुठे जागा मिळे. धर्मशाळा, मुसाफिरखाने, लॉज, गावकीच्या खोल्या, गोव्याच्या लोकांचे कूड. त्यांचे अवशेष शोधायला निघालेली मंडळी बहुधा मान वर करून चालतात. कमानी, लाकडी गॅलऱ्या, दगडातले कोरीवकाम टिपतात. मला वाटते, नजर खाली आणावी. दाराशी लावलेला नियमांचा फलक वाचावा. इथे कोण उतरू शकतो, किती रात्री, किती पैशांत? मुक्कामाच्या जागेचा खरा अवशेष त्या फलकात असतो.

काळा घोड्याची वॉटसन्स हॉटेलची इमारत बघा. तिच्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणले आणि इथे जोडले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चलच्चित्र हिंदुस्थानात पहिल्यांदा दिसले ते इथेच. हॉटेल युरोपियनांसाठी होते, ही गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात हळू आवाजात सांगितली जाते. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे झाले, वकिलांची कार्यालये आली. २००५ मध्ये एक भाग कोसळला, त्याच सुमारास जगभरच्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. सांगाडा वाचवावा, यात वाद नाही. पण वारसा म्हणून जेवढी शाई या इमारतीवर खर्च झाली, तिच्या दशांशानेही ती क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या सरदारगृहाच्या वाट्याला येत नाही. मुंबईत आले की टिळक तिथे उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले तेही तिथेच. एवढ्या मोठ्या माणसाचा अंत एका लॉजमधल्या खोलीत झाला, यात त्या काळच्या कोणाला काही वावगे वाटले नसावे. परगावच्या माणसाचे मुंबईतले घर म्हणजे लॉजच.

जवळच हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना. जहाजाने हजला जायचे तर यात्रेकरूंना आधी मुंबई गाठावी लागे, कागदपत्रे आणि बोट यांची वाट बघत थांबावे लागे. १९९५ मध्ये समुद्रमार्ग बंद झाला आणि थांबण्याची ती गरजच बदलली. सी. पी. टँकवर हिराबाग आणि माधवबाग. आफ्रिकेहून परतलेल्या गांधींचा जानेवारी १९१५ मध्ये हिराबागेत सत्कार झाला. ज्या तलावावरून या भागाला नाव पडले तो केव्हाच बुजला, धोबीतलावाचेही तेच. पाण्याच्या आसऱ्याने मुक्काम पडतो, हा जुना हिशेब; पाणी नळाने आले तरी मुक्काम तिथेच रेंगाळले.

सगळ्यांत जिवंत अवशेष मात्र कूड. धोबीतलावच्या जेर महालात ते अजून आहेत. लाकडी जिना चढून गेले की दारावर गावाच्या नावाची पाटी. आत एक लांब खोली, भिंतीलगत एकावर एक रचलेल्या ट्रंका, प्रत्येकीवर मालकाचे नाव. एका टोकाला गावच्या पाठिराख्या संताची वेदी, मेणबत्त्या, फुले. खाटा नाहीत. ज्याने त्याने आपली पथारी ट्रंकेशेजारी पसरायची, सकाळी गुंडाळायची. संध्याकाळी तेर्साच्या प्रार्थनेसाठी हजर राहायचे, गावच्या सणाला वर्गणी द्यायची. बोटीवर नोकरी करणारा तारवटी दोन खेपांच्या मधले दिवस इथे काढी. वाजवणारे, आचारी, बटलर, शिकायला आलेली पोरे, सगळ्यांचा मुंबईतला पहिला पत्ता हाच. भाडे नाममात्र, कारण खोली गावाची. गिरणगावातल्या कोकणी आणि घाटावरच्या गावकीच्या खोल्यांचा व्यवहारही जवळपास असाच होता; तिथे वेदीच्या जागी ग्रामदेवतेची तसबीर आणि ट्रंकेऐवजी खुंटी.

इथवर आले की गहिवर येतो आणि गहिवर आला की विचार थांबतो. म्हणून सांगायला हवे: या सगळ्या जागा दार उघडण्याआधी विचारत, कुठल्या गावचे? कोणाचे? आडनाव काय? ज्याचे उत्तर बसे त्याला जागा, नाही त्याला रस्ता. बायकांना तर कुडात जागाच नव्हती. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना हिंदू खानावळीत थारा मिळाला नाही. पारशी नावाने एका पारशी पथिकाश्रमात ते राहिले, आणि खरे कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. स्वस्त मुक्काम आणि जातीची चौकशी एकाच उंबऱ्यावर नांदत होती. ही गाठ सोडवली ती गाडगेबाबांसारख्यांनी. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा त्यांनी बांधली, ती पुढे बाबासाहेबांच्या हाती दिली. दादरच्या गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयातले रुग्ण आणि नातेवाईक राहतात. कोणी कुठल्या गावचा, हा प्रश्न तिथे रजिस्टर भरण्यापुरता उरतो.

त्यामुळे ‘काळ बदलला, धर्मशाळांची गरज संपली’ हे म्हणणे मला पटत नाही. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या पदपथावर रात्री चक्कर मारावी. बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा इथून आलेली माणसे फाइलींची पिशवी उशाला घेऊन झोपलेली दिसतात. गरज तेवढीच आहे, तिचा पत्ता तेवढा फुटपाथ झाला. लॉज आहेत, पण महिनाभर चालणाऱ्या उपचारांना ते परवडत नाहीत. जुन्या धर्मशाळांपैकी काहींनी लग्नाचे हॉल केले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. छप्पर गळते, आणि दोन-पाचशे रुपयांच्या पावत्यांवर दुरुस्ती होत नाही; हॉलचे भाडे एका संध्याकाळी ती रक्कम आणते.

खरी परीक्षा पुनर्विकासाची आहे. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे करण्याचे नियम भाडेकरूला ओळखतात. त्याचे नाव, त्याचे क्षेत्रफळ, त्याची सही. आज आला आणि परवा गेला, अशा माणसाचे क्षेत्रफळ कशात मोजणार? एका संपूर्ण गावाने वापरलेल्या खोलीच्या बदल्यात कागदावर एक सदनिका मिळते, संडास-बाथरूमसकट. ती कोणाच्या नावावर, यावरून पुढच्या पिढीत भांडण लागणार हे ठरलेले. वारसा समितीने दर्शनी भिंत राखायला सांगितली तरी त्या भिंतीमागे पथारी पसरता येईल याची हमी कोणी देत नाही. टॉवरला जादा चटईक्षेत्र देताना रस्त्याला, वाहनतळाला जागा सोडण्याची अट घालता येते. मग जिथे धर्मशाळा किंवा कूड होता तिथे काही खाटा कमी दरात, कोणत्याही गावच्या, कोणत्याही जातीच्या, बाईच्या किंवा पुरुषाच्या मुक्कामासाठी कायम ठेवण्याची अट का घालू नये? विकासक कुरकुरतील. कुडांच्या समित्याही कुरकुरतील, कारण त्यांना आपला गाव सोडून दुसऱ्याला ट्रंक ठेवू द्यावी लागेल. त्यांच्याशी वाद घालायला हवा, आणि तो इमारत उभी असतानाच घालायला हवा.