पाटीवरचा आकडा

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्याचा सर्व्हर बदलायचं ठरलं, तेव्हा बॉयलरचं अग्निप्रदीपन उरकलं होतं आणि मोळीपूजनाच्या पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. जुनं मशीन थकलं होतं. त्यावरची सेंटओएस ७ ही प्रणाली २०१४ सालची; तिचे अपडेट ३० जून २०२४ लाच बंद झालेले. पण काट्याचा प्रोग्रॅम ज्यानं लिहिला तो गडी केव्हाच नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे सगळं नव्यानं बसवू या असं म्हणायला कुणी धजत नव्हतं. ईडीपी, म्हणजे संगणक विभागाच्या मॅनेजरनी मधला मार्ग काढला. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या मशीनवर उतरवायची आणि बटण दाबायचं.

बटण दाबलं आणि नवं मशीन अर्ध्यात अडकलं. मूळ डिस्कच सापडत नाही, असं सांगणाऱ्या ओळी पडद्यावर आल्या. शेजारी उभा असलेला काटा क्लार्क म्हणाला, "साहेब, कॉपी बिघडली. परत करू या." मॅनेजर हलले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि सगळ्या ओळी वरून खाली वाचल्या. सेंटओएस ७ सुरू होताना आधी एक लहानशी फाईल उघडते, आणि त्या फाईलमध्ये ज्या मशीनवर ती बनली तिथल्यापुरतेच ड्रायव्हर असतात. जुन्या मशीनची डिस्क साध्या साटा केबलवर होती, नव्यात रेड कंट्रोलर आला होता. त्याचा ड्रायव्हर त्या फाईलमध्ये असणार कुठून? प्रत अगदी शाबूत होती. सुरुवातीच्या मेनूत 'रेस्क्यू' नावाची एक ओळ असते, तिच्या पोटात सगळे ड्रायव्हर असतात. मॅनेजरनी तिथून मशीन उठवलं, 'ड्रॅकट' चालवून ती लहान फाईल नव्यानं बनवली, आणि चहा येईपर्यंत लॉगिनचा पडदा समोर होता.

मग नेटवर्क मिळेना. जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचं नाव आणि त्याचा हार्डवेअर क्रमांक डिस्कवरच्या एका फाईलमध्ये लिहिलेला होता. नव्या मशीनचं कार्ड दुसरं, म्हणून ती फाईल कुणालाच लागू होत नव्हती. नाव बदललं, जुना क्रमांक खोडला, काम झालं.

इथवर मॅनेजरांचा हातखंडा दिसतो, आणि तो होताही. पण असे बिघाड त्यातल्या त्यात बरे, असं माझं मत आहे. ते बोंब मारतात. मशीन उठत नाही, पडदा लाल होतो, दहा माणसं गोळा होतात. दुरुस्त झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

राहिले होते दोन वजनकाटे. भरलेली गाडी काट्यावर उभी राहिली की काट्याचा इंडिकेटर दोन ठिकाणी आकडा पाठवतो: एक थेट बाहेरच्या मोठ्या पाटीवर, शेतकऱ्याला दिसावा म्हणून, आणि दुसरा सीरियल केबलनं सर्व्हरला. जुन्या मशीनला मागे दोन सीरियल पोर्ट होते आणि त्यांची नावं कायमची ठरलेली होती. नव्याला एकही नव्हता. बाजारातून यूएसबीला जोडायचे दोन कन्व्हर्टर आणले, स्वस्तातले, अगदी एकसारखे. एकाला प्रणालीनं शून्य क्रमांक दिला, दुसऱ्याला एक. पहिल्या काट्याला शून्य, दुसऱ्याला एक असं प्रोग्रॅममध्ये नोंदवलं. रिकामा ट्रॅक्टर चढवून दोन्हीकडे वजन पाहिलं. बरोबर आलं.

मॅनेजर कामाला पक्के. घरी जाण्याआधी त्यांनी मुद्दाम मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, मध्यरात्री वीज गेली तर आपोआप उठतं का ते पाहायला. उठलं. डेटाबेस चालू, नेटवर्क चालू, दोन्ही काट्यांपुढे हिरवा दिवा.

दुसऱ्या दिवशी मोळी पडली, भाषणं झाली आणि दुपारपासून केनयार्डात ट्रॅक्टरांची रांग लागली. दोन्ही काटे सलग भरलेले. दुसऱ्या पाळीला काट्याच्या केबिनमध्ये नवी लागलेली ऑपरेटर मुलगी होती. मधूनच पडद्यावर आकडा शून्य दिसे, मग गाडी पुरती चढायच्या आतच वजन स्थिर होई. तिनं क्लार्कला विचारलं. "नवं मशीन आहे, थोडं मागंपुढं होणारच," तो म्हणाला.

संध्याकाळी एक म्हातारे शेतकरी चिठ्ठी घेऊन खिडकीशी आले.

"ताई, ह्यो आकडा माझा न्हाय."

"काय झालं, तात्या?"

"भाईर पाटीवर चोवीस टन तीनशे साठ बघितलं म्या. चिठ्ठीवर एकवीस आठशे चाळीस. माझं डोळं गेल्यात म्हणा, पर नातवानंबी वाचलं की."

क्लार्क मागून ओरडला, "पाटी हलत असती तात्या, चिठ्ठी बघा, चिठ्ठी खरी." काट्यावर रोजच कुणीतरी तक्रार करतं, त्याला त्यात नवल वाटलं नाही. अडीच टनांचा फरक. टनाला तीन हजार धरले तरी साडेसात हजार रुपये.

मुलीनं वाद घातला नाही. तिनं यादी उघडली. तात्यांच्या लगेच खालची नोंद शेजारच्या काट्यावरच्या गाडीची होती, आणि तिच्यापुढे भरल्या गाडीचं वजन लिहिलेलं होतं: २४ टन ३६० किलो.

तिनं फोन उचलून मॅनेजरना बोलावलं, आणि ते येईपर्यंत दोन्ही काट्यांवर गाडी चढवू नका असं यार्ड सुपरवायझरला सांगितलं. नोकरीला लागून महिनाही न झालेल्या मुलीनं रांग थांबवणं ही लहान गोष्ट नव्हे. ऊस तुटल्यापासून वाळत जातो, वजनही घटतं आणि साखरही. गव्हाण रिकामी राहिली की चीफ इंजिनिअर आरडाओरडा करतात. पाचच मिनिटांत तसा फोन आलाही.

मॅनेजरनी कर्नलच्या नोंदी काढल्या आणि त्यांच्या लक्षात आलं. यूएसबी कन्व्हर्टरला शून्य किंवा एक हा क्रमांक मशीन सुरू होताना जो आधी ओळखला जाईल त्याप्रमाणे मिळतो. पहिल्यांदा पहिल्या काट्याचा आधी ओळखला गेला होता. रात्री त्यांनी तपासणीसाठी मशीन पुन्हा चालू केलं, तेव्हा दुसऱ्याचा. दोन्ही काट्यांची अदलाबदल झाली होती, आणि दिवे मात्र हिरवेच, कारण दोन्हीकडून आकडे व्यवस्थित येत होते.

तोवर एमडी साहेब आले. त्यांनी दिवसाचा गोषवारा मागवला. आलेला ऊस आणि गाळलेला ऊस यांचा मेळ जवळजवळ बसत होता. एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं, कारखान्याचं नुकसान असं काही नव्हतं.

"म्हणजे एकूण जुळतंय ना?" साहेबांनी विचारलं. "मग आत्ता सरळ करा आणि काटे चालू करा. मागचं नंतर बघू. पहिल्याच दिवशी काट्याचा घोळ बाहेर गेला तर लोक काय म्हणतील, माहीत आहे ना?"

माहीत सगळ्यांनाच होतं. काटामारी, म्हणजे काट्यावरची वजनचोरी, हा शब्द उसाच्या पट्ट्यात शाळकरी पोरालाही कळतो.

"साहेब, एकूण जुळतंय ते आपलं," मॅनेजर म्हणाले. "त्यांचं प्रत्येकाचं चुकलंय. चौदा दिवसांच्या आत पैसे द्यायचेत, ते ह्याच चिठ्ठीवर द्यायचेत. दीड तास द्या."

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घ्या. पण माईकवर काय सांगणार?"

"झालं तेच."

गाड्यांचे नंबर पुकारायच्या लाऊडस्पीकरवरून सांगितलं गेलं की काट्याची जोडणी उलटी झाली होती, दुपारपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या तपासून बदलून मिळतील. यार्डात गलका झाला, एक-दोघांनी शिव्याही हासडल्या. प्रोग्रॅम प्रत्येक वाचन पोर्टच्या नावासह आणि वेळेसह साठवत होता, म्हणून प्रत्येक चिठ्ठीच्या वेळेला दुसऱ्या पोर्टवर कोणता आकडा होता ते शोधता आलं. ज्यांच्या नोंदी धड लागेनात, त्यांच्यापैकी ज्यांच्या गाड्या अजून भरलेल्या उभ्या होत्या त्या पुन्हा काट्यावर घेतल्या. वजन कमी लागलेले लोक ताबडतोब खिडकीशी आले. जास्त लागलेल्यांना बोलावणी धाडावी लागली. माणसं आहेत, चालायचंच.

कायमचा उपाय करताना आणखी एक अडचण निघाली. असे कन्व्हर्टर अनुक्रमांकावरून ओळखता येतात, पण त्या स्वस्त जोडीला अनुक्रमांकच नव्हता. शेवटी मशीनच्या मागे ते ज्या यूएसबी छिद्रात लावलेत, त्या छिद्रावरून प्रत्येकाला पक्कं नाव देणारा नियम लिहिला. छिद्रांवर आणि कन्व्हर्टरांवर ऑइलपेंटनं '१' आणि '२' असे आकडे काढले, म्हणजे झाडलोट करताना कुणी काढून उलटे लावले तरी ध्यानात येईल. त्यानंतर मॅनेजरनी मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. या वेळी ते दिव्यांकडे बघत नव्हते. प्रत्येक वेळी एकच भरलेला ट्रॅक्टर आधी पहिल्या काट्यावर, मग दुसऱ्यावर नेला, आणि मुलगी बाहेर उभी राहून पाटीवरचा आकडा मोठ्यानं वाचत होती.

हीच तपासणी आता तिथे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला होते. काटा क्लार्क, ऑपरेटर आणि रांगेतला कुणीही एक शेतकरी अशा तिघांच्या सह्या वहीत घेतल्या जातात. तुमचा ऊस कोणत्याही कारखान्याला जात असो, काट्यावरून उतरण्याआधी पाटीवरचा आकडा वाचून घ्या आणि चिठ्ठी हातात आली की ताडून बघा. जुळत नसेल तर गाडी पुढे घेऊ नका.