साडेनऊच्या विरंगुळ्याचा निरोप

आवडता कार्यक्रम बंद होणे ही दूरचित्रवाणीच्या जगात किरकोळ आणि घरात मोठी घटना असते. वर्तमानपत्राच्या मनोरंजन पुरवणीत ती दोन परिच्छेदांत आटोपते. घरात मात्र पुढचे काही आठवडे ठरल्या वेळी कोणीतरी रिमोट उचलते आणि मग त्याच्या लक्षात येते. कार्यक्रम थोर असावा लागत नाही. उलट हलकाफुलका, भाजी निवडता निवडता पाहता येणारा कार्यक्रम गेला की चुटपुट जास्त लागते. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात याचे कारण शोधायला लोकल गाडीपासून सुरुवात करावी लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला थांबली होती. पुढे या मार्गाने शहरेच्या शहरे वसवली. नोकरदार माणूस येण्याजाण्यात दोन-तीन तास घालवून घरी पोचतो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेलेले असतात. जेवण झाले, उद्याच्या डब्याची भाजी चिरून ठेवली, की झोपेआधी जेमतेम तासभर हाती राहतो. त्या तासाला जड काही पेलत नाही.

या शहरांना विरंगुळ्याची वाण नाही. गाडीतच पत्त्यांचे डाव रंगतात, भजनी मंडळे टाळ वाजवतात. ठाण्याला तलावपाळीची फेरी आणि मामलेदारची मिसळ आहे, दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रस्ता नटूनथटून आलेल्या तरुणाईने फुलतो. गडकरी रंगायतन १९७८पासून, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह २००७पासून नाटकवेड्यांना बोलावते आहे. पण यातले प्रत्येक सुख घराबाहेरचे. गाडीतला डाव ज्याचा त्याच्या डब्यापुरता; नाटकाला सुट्टी, तिकिटाचे पैसे आणि धडधाकट गुडघे लागतात. दिवसभर घरात असलेली आजी, नुकती घरी पोचलेली सून आणि अभ्यास टाळू पाहणारा नातू यांना एकाच खोलीत एकाच वेळी हसवणारी गोष्ट बहुधा दूरचित्रवाणीच होती.

झी मराठीवरचा ‘चला हवा येऊ द्या’ हा याचा ठळक नमुना. ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झालेला, रात्री साडेनऊला लागणारा हा कार्यक्रम मार्च २०२४मध्ये थांबला. वरकरणी त्याचे काम जाहिरातीचे: नव्या चित्रपटाची किंवा नाटकाची मंडळी थुकरटवाडी नावाच्या काल्पनिक गावात यायची आणि प्रहसनांच्या गर्दीत आपले काम पुढे करायची. सूत्रधार नीलेश साबळे शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर. भरत गणेशपुरे यांची वऱ्हाडी, श्रेया बुगडे यांच्या हुबेहूब नकला, कुशल बद्रिके यांचा आचरटपणा आणि या सगळ्यांत काही न करता हशा मिळवणारे भाऊ कदम. भाऊ डोंबिवलीचे, म्हणून डोंबिवलीकरांचा त्यांच्यावर वेगळाच हक्क. सागर कारंडे यांचा पोस्टमन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचू लागला की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबायचा. विनोद दर वेळी चांगला असायचा असे मुळीच नाही. पुरुषांना साड्या नेसवण्याची युक्ती वर्षानुवर्षे ताणली गेली आणि कोणाच्या रूपावरून केलेले विनोद तेव्हाही स्वस्तच होते. पण प्रेक्षक परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला नव्हता. अर्धे लक्ष देऊन पाहायची ती गोष्ट होती, म्हणूनच ती घरच्या बोलण्यात, थट्टेत आणि टोपणनावांत शिरली.

पडद्यावरच्या माणसांशी जडणाऱ्या या एकतर्फी ओळखीचे विश्लेषण डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६मध्येच केले. पुढे २००६मध्ये केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी ‘फ्रेंड्स’ ही मालिका संपल्यावर तिच्या प्रेक्षकांना काय वाटले, हे तपासले. पात्राशी नाते जितके घट्ट तितका वियोग अधिक बोचतो. तरी खऱ्या नात्यातल्या ताटातुटीइतका तो तीव्र नसतो, असे त्यांना आढळले. निष्कर्ष पटण्याजोगा आहे, पण पुरता नाही. त्यात माणूस आणि पात्र एवढे दोघेच दिसतात. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तिसरी बाजू असते ती शेजारी बसून पाहणाऱ्यांची. भाऊ कदम नंतरही चित्रपटांत, नाटकांत भेटतात. साडेनऊला सगळ्यांनी एकत्र बसण्याचे निमित्त तसे परत भेटत नाही.

वाहिन्यांना हे ठाऊक असते, तरी त्यांचा हिशेब दर आठवड्याच्या टीआरपीचा. आकडा चढा असेपर्यंत कथा ताणायची आणि घसरला की गुंडाळायची, ही रीत झाली आहे. ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१पासून २०१३पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. स्टार प्रवाहवरच्या ‘आई कुठे काय करते’ला २०२४च्या मार्चमध्ये संध्याकाळी साडेसातऐवजी दुपारी अडीचची वेळ मिळाली आणि नोव्हेंबरअखेर ती संपली. कामावर जाणाऱ्या प्रेक्षकापुरती ती मार्चमध्येच संपली होती.

याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२मध्ये काही महिन्यांतच आपली गोष्ट सांगून मोकळी झाली. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने २०१५मध्ये सुरू होऊन वर्षभरात, प्रेक्षक अजून हवे म्हणत असतानाच, रजा घेतली. एका घरात राहणाऱ्या सहा तरुणांची ही हलकी गंमत होती. तिच्यातले काही कलाकार लगेच ‘अमर फोटो स्टुडिओ’ हे नाटक घेऊन रंगमंचावर आले, म्हणजे चाहत्यांना तिकीट काढून पुन्हा भेटायची सोय झाली. शेवट ठरवून केला, तर तो प्रेक्षकालाही पाळता येतो: शेवटच्या भागाला शेजारी बोलावले जातात, जेवण लवकर उरकले जाते. आकड्यांपायी अचानक गुंडाळलेल्या मालिकेच्या वाट्याला हे येत नाही. हलक्याफुलक्या कार्यक्रमाला कसला आलाय शेवट, असे निर्मात्यांना वाटत असेल, तर ती प्रेक्षकाच्या सवयीची उपेक्षा आहे.

‘चला हवा येऊ द्या’ जुलै २०२५मध्ये परतला, तो अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली. नाव जुने, सूत्रधार नवा. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी मधल्या काळात मोबाइलवर जुन्या प्रहसनांचे तुकडे पाहण्याची सवय लावून घेतली होती. असा तुकडा आठ-दहा मिनिटांचा असतो आणि डोंबिवली ते ठाणे एवढ्या प्रवासात दोन सहज पाहून होतात. मात्र ते हेडफोन लावून, एकेकट्याने पाहायचे असतात.