काट्यावर न येणारा आरएनए

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत गोकुळ दूध संघाचा महालक्ष्मी पशुखाद्य कारखाना आहे. करवीर तालुक्यातल्या बहुतेक गावांसारखी इथंही म्हशीची किंमत दूध संस्थेच्या काट्यावर ठरते: लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती. काट्यावर आलं त्याची नोंद होते, त्याचं बिल निघतं. म्हैस पान्हवली कशी, कुणाच्या हाताला पान्हवते आणि कुणाच्या हाताला दूध चोरते, हे वहीत कुठंच नसतं. दूध निघतं मात्र त्यावरच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवशास्त्राने डीएनएचा हिशेब जवळपास असाच ठेवला. ज्यातून प्रथिन निघतं ते जनुक. बाकीचा डीएनए वहीबाहेर.

सस्तन प्राण्यांत हा 'बाकीचा' भाग थोडाथोडका नाही. माणसाच्या डीएनएपैकी प्रथिनांचे संकेत जेमतेम दीड-दोन टक्के, आणि तशी जनुकं साधारण 20,000. उरलेल्यातल्या बऱ्याच भागाच्या आरएनए प्रती निघतात, पण त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही. हाच नॉन-कोडिंग आरएनए. त्यातले काही रेणू इतर जनुकांची कामं चालू-बंद करतात किंवा कमी-जास्त करतात, हे आता पाठ्यपुस्तकात आहे. ही कथा 'आधी सगळे अंधारात होते, मग उजेड पडला' अशी सांगायची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. आरएनए जनुकांवर हुकूम चालवत असेल ही शंका फार लवकर आली होती. ती मागे पडली, आणि मागे पडायला त्या वेळी कारणही चांगलं होतं.

1961 साली फ्रान्स्वा जाकोब आणि झाक मोनो यांनी जिवाणूंमध्ये जनुकं बंद-चालू कशी होतात याचा आराखडा मांडला. जनुकाला दाबून ठेवणारा एक 'दमनकारी' घटक असतो, असं त्यात होतं. हा घटक आरएनए असावा, असा त्यांचा मूळ अंदाज होता. 1966 मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्यूलर-हिल यांनी तो प्रत्यक्ष वेगळा काढला, तेव्हा ते प्रथिन निघालं. पुरावा चोख होता. इतका, की नियमन करायचं ते प्रथिनांनीच, हे पुढच्या पिढीने गृहीत धरलं. 1969 मध्ये रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांनी प्रगत जीवांच्या पेशींसाठी एक प्रतिमान सुचवलं. त्यात नियामक आरएनए केंद्रस्थानी होते. पेशीच्या केंद्रकात बनणाऱ्या आरएनएपैकी बराचसा कधी बाहेरच येत नाही, तिथंच मोडला जातो, हे तेव्हाच माहीत होतं. त्याला या कल्पनेत जागा मिळत होती. प्रतिमानाची चर्चा झाली, पण ते तपासायला लागणारी साधनं नव्हती. 1972 मध्ये सुसुमु ओहनो यांनी प्रथिनं न देणाऱ्या डीएनएसाठी 'जंक' हा शब्द वापरला आणि तो जनमानसात रुजला. ओहनोंचा युक्तिवाद मात्र त्या शब्दापेक्षा बारीक होता: एवढा सगळा डीएनए कामाचा असता, तर दर पिढीत होणाऱ्या बदलांचं ओझं प्राण्याला पेललं नसतं. हा मुद्दा आजही खोडून काढता आलेला नाही.

दरम्यान उत्तर गोठ्यात आणि चुलीपाशी फिरत होतं. 1949 मध्ये मरे बार आणि इवर्ट बर्ट्राम यांना मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला. मादीत तो होता, नरात नव्हता. 1961 मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेल इथं काम करणाऱ्या मेरी लायन यांनी उंदरांच्या केसांच्या रंगांवरून त्याचा अर्थ लावला: मादीकडे एक्स गुणसूत्रं दोन, नराकडे एक, म्हणून मादीची प्रत्येक पेशी दोनातलं एक एक्स गुंडाळून बंद करते. कोणतं करायचं हे गर्भावस्थेत सुरुवातीलाच, पेशीपेशीत स्वतंत्रपणे ठरतं, आणि पुढच्या पेशी तोच निर्णय पाळतात. काळ्या-पिवळ्या ठिगळांची कबरी मांजर हे त्याचं उघडं प्रदर्शन. पिवळा रंग आणणारा बदल एक्सवर असतो. ज्या ठिगळात तो बदल असलेलं एक्स चालू राहिलं ते पिवळं, बाकीचं काळं. (हा नेमका बदल सापडायला 2025 उजाडलं. एआरएचजीएपी36 या जनुकातला सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला निघाला, तोही प्रथिनाच्या संकेताबाहेरचा.) रेडी झाली की घरात आनंद होतो. त्या रेडीच्या पेशीपेशीतही हेच घडलेलं असतं, पण म्हैस अंगभर काळी, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

अख्खं गुणसूत्र बंद कोण करतं? प्रथिन असणार असंच सगळ्यांना वाटत होतं. 1991 मध्ये कॅरोलिन ब्राउन आणि हंट विलर्ड यांच्या गटाला मानवी पेशींत एक विचित्र जनुक सापडलं. ते फक्त बंद असलेल्या एक्सवरच चालू होतं. त्याचा आरएनए सुमारे 17,000 अक्षरांचा, पण त्यात प्रथिनाचा संकेत नाही आणि तो केंद्रकाबाहेर पडत नाही. याचं नाव झिस्ट. जिथं तयार होतो त्याच गुणसूत्रावर तो पसरतो आणि त्याला वेढून टाकतो. मग स्पेन नावाचं आणि तशी इतर प्रथिनं त्याला येऊन चिकटतात आणि जनुकांची दारं लावतात. ही प्रथिनं 2015 मध्ये एकाहून अधिक गटांनी ओळखली. म्हणजे शेवटचं काम प्रथिनांचंच, पण त्यांना कुठं जायचं ते सांगतो आरएनए. मला सर्वांत गमतीची वाटते ती झिस्टची वंशावळ. 2006 मध्ये लोराँ द्युरे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झिस्टचा काही भाग एका मोडलेल्या प्रथिन-जनुकापासून आला आहे. कोंबडीत ते जनुक अजून प्रथिन बनवतं. आपल्या पूर्वजांत ते प्रथिन देईनासं झालं आणि त्याच्या अवशेषांवर हा नवा कारभार उभा राहिला. कांगारूंच्या कुळात झिस्ट नाहीच. तिथं आरएसएक्स नावाचा वेगळाच आरएनए तेच काम करतो.

छोट्या आरएनएची कथा वेगळ्या वाटेने आली. 1993 मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका सूक्ष्म कृमीत 22 अक्षरांचा आरएनए दाखवला. तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचं प्रथिन बनू देत नाही. कृमीतली लहर म्हणून तो सात वर्षं बाजूला राहिला. 2000 मध्ये त्याच जातीचा लेट-7 सापडला, आणि तो माणसातही जसाच्या तसा निघाला, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळालं 2024 मध्ये.

पशुपालकाला याचा उपयोग काय? बेल्जियममधल्या लिएजच्या मिशेल जॉर्ज यांच्या गटाचे दोन शोध शेजारी ठेवण्यासारखे आहेत. 2002 मध्ये त्यांनी गायीच्या दुधातलं फॅट डीजीएटी1 या जनुकातल्या बदलावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याचं दाखवलं. तो बदल प्रथिनातच होता. (भारतातल्या म्हशींच्या जाती तपासल्या तेव्हा त्यांच्यात जास्त फॅट देणारंच रूप पक्कं बसलेलं आढळलं, म्हशीच्या दुधाची साय उगीच जाड येत नाही.) 2006 मध्ये त्याच गटाने टेक्सेल मेंढ्यांच्या भरदार मांसाचं कारण शोधलं. मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ रोखणारं प्रथिन. ते प्रथिन जसंच्या तसं होतं. बदल होता संदेशाच्या शेपटीत, एकाच अक्षराचा. त्या अक्षराने स्नायूंतल्या दोन मायक्रोआरएनएंना, म्हणजे वर सांगितलेल्या जातीच्या छोट्या आरएनएंना, चिकटायला जागा करून दिली, मायोस्टॅटिन कमी झालं आणि मांस वाढलं. प्रथिनाकडेच बघत राहिले असते तर त्यांना काहीही सापडलं नसतं.

आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक आणलं, त्यातून 'नारी सुवर्णा' झाली. ते फेकबी जनुक मात्र जुन्या हिशेबातलं आहे: एक अक्षर बदललं, प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललं. पट्टणकोडोलीच्या यात्रेला मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराला यातलं कोणतं प्रथिनाबाहेरचं आणि कोणतं आतलं, याच्याशी देणंघेणं नाही. संशोधकाला मात्र आता दोन्ही वह्या उघडाव्या लागतात.

आणि इथंच दुसरी घाई सुरू होते. 2012 मध्ये एन्कोड प्रकल्पाने मानवी जनुकसंचातल्या 80 टक्के भागाला 'काम' असल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी जंक डीएनएचं श्राद्ध घातलं. उत्क्रांतीशास्त्रज्ञ डॅन ग्राउर यांनी 2013 मध्ये त्यावर कडाडून टीका केली, आणि माझा कल त्यांच्याकडे आहे. आरएनए तयार झाला म्हणजे तो कामाचा, हे कशावरून? मॅलॅट1 हा पेशीत भरपूर आढळणारा लांब आरएनए. त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर 2012 मध्ये ठणठणीत जगले. हॉटेअर हा दुसरा लांब आरएनए 2007 मध्ये गाजला, तो उंदरात महत्त्वाचा आहे की नाही यावर गटांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आले. 1966 नंतर 'सगळं प्रथिनच' म्हणणं जितकं घाईचं होतं, तितकंच हे 'सगळं कामाचं' म्हणणं.

एकेका आरएनएचा दावा तपासायचा कसा, याचा जवळचा नमुना पुण्याचा आहे. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अंजली शिरस यांच्या गटाने उंदराच्या पेशींत जिनिर नावाचा आरएनए शोधला. त्यांचा निबंध 2018 मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त आला. जिनिर पेशीत सापडला एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो वाढवला तर पेशी कर्करोगी वळण घेतात का, तो कोणत्या प्रथिनाला धरतो, त्यामुळे काय बिघडतं, हे पायरीपायरीने पाहिलं. तो सेप112 या प्रथिनाला धरतो आणि त्याची बीआरसीए1 या दुसऱ्या प्रथिनाशी असलेली गाठ सुटते, असं निघालं. पेशीविभाजनाची घडी त्यामुळे विसकटते. समोरच्या धाग्यावरून तयार होणारा जिनिरास हा त्याचा जोडीदार त्याला आवरत असतो, आणि रोग येतो तो या जोडीचा तोल गेला की.

एका आरएनएमागे एवढा खटाटोप. मानवी यादीत असे लांब आरएनए हजारोंनी नोंदलेले आहेत, आणि त्यातल्या थोड्यांचीच अशी झाडाझडती झाली आहे. म्हशीच्या बाबतीत तर ही यादी करण्याचंच काम अजून चालू आहे.