कौतुकाचे दोन शब्द

बसा. फोटो काढायचं थांबवा आणि सगळे एका जागी बसा. ‘बाई, कौतुकाचे दोन शब्द बोला,’ म्हणून माइक हातात दिलात. कौतुक हवं असेल तर घरच्यांकडून करून घ्या. तुमचा पसारा बैठकीच्या खोलीत सहन करतात ते बिचारे. मी तुम्हाला विज्ञान शिकवलं, तुमच्या वह्या तपासल्या, आणि आजही तेवढंच करणार आहे. तुमच्या छंदांच्या या प्रदर्शनातली सगळी टेबलं फिरून बघितली. पाट्या वाचल्या. लाल शाईतून सुटल्या त्या फारच थोड्या.

हे पहिलं टेबल. विमानवाहू नौका ‘विक्रांत’ची प्रतिकृती. काम सुबक आहे, रंग स्वच्छ, एवढ्याशा शिड्यासुद्धा नीट कातरलेल्या. पाटी म्हणते, ‘1971 च्या युद्धातील विक्रांत’. आणि डेकवर उभी आहेत सी हॅरियर विमानं! पुढचं टोक वर वळलेलं! अरे, सी हॅरियर आपल्या नौदलात आली 1983 साली. तो चढ, तुम्ही ज्याला स्की-जंप म्हणता, तो ‘विक्रांत’वर बसला 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात. 1971 च्या डिसेंबरात तिच्यावर सी हॉक आणि अलिझे विमानं होती, आणि ती वाफेच्या कॅटापल्टने हवेत फेकली जायची. त्यातून तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला. वेगावर मर्यादा आलेली, आणि विमानवाहू नौकेला वेग लागतो तो विमानं उडवायलाच. अशा अवस्थेत तिला बंगालच्या उपसागरात नेलं आणि 4 डिसेंबरला तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव गाठलं. आजारी बॉयलरची ही हकिकत तुझ्या चकचकीत मॉडेलपेक्षा दहापट सरस आहे. तीच तू गाळलीस, कारण तुला सी हॅरियर दिसायला आवडतं.

बाजूला भित्तिपत्रक: ‘विक्रांतने गाझीला जलसमाधी दिली’. कुठे वाचलंस हे? पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ बुडाली विशाखापट्टणमजवळ, 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री. ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानाकडे होती. ती विशाखापट्टणमजवळच आहे असं भासवायला विनाशिका ‘राजपूत’ संदेश पाठवत होती. नौदलाने श्रेय ‘राजपूत’ला दिलं. पाकिस्तानचं म्हणणं, पाणबुडीतच किंवा सुरुंगाने स्फोट झाला. वाद आहे. मग ‘वाद आहे’ असं लिहायला लाज का वाटते? ‘गाझी’वरचा 2017 चा तो सिनेमा बघून तुम्ही पाट्या रंगवता, आणि सिनेमावाला निदान तिकिटाचे पैसे तरी घेतो!

दोन टेबलं सोडून 1946 च्या नाविक उठावाचं पान आहे. त्यावर ‘तलवार’ नावाच्या जहाजाचं चित्र, तेही शिडाचं. ‘तलवार’ हे जहाज नव्हतंच. कुलाब्याला जमिनीवर असलेलं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं ते. आरमारात किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही जहाजासारखी नावं देतात, एवढं कळायला एक पुस्तक पुरतं. आणि कान्होजी आंग्र्यांच्या नावाखाली लटकवलेलं ते तीन मजली युरोपीय जहाज तर आजच्या आज खाली उतरवा. आंग्र्यांचं लढाऊ जहाज म्हणजे गुराब. ती उथळ तळाची असते, तोफा नाळेवरून पुढे मारा करतात. गलबत तिच्याहून लहान, वल्ह्यांचं, आणि वारा पडला की गुराबेला ओढून न्यायचं काम त्याचं. आंग्र्यांचा जोर त्या उथळ तळात होता. खाडीत शिरायचं, इंग्रजांचं जड जहाज बाहेर ताटकळत ठेवायचं. तुम्ही चितारलेलं धूड विजयदुर्गाच्या खाडीत गाळात रुतून बसलं असतं.

आता ‘विक्रांत’बद्दल आणखी एक, आणि हे ऐकताना मान खाली घालू नका. 31 जानेवारी 1997 ला ती निवृत्त झाली. पुढे कित्येक वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. 2012 मध्ये ती लोकांसाठी बंद झाली, आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या आवारात तिच्यावर गॅसकटर चालायला लागले. तेव्हा तुम्ही सगळे हळहळलात. प्रोफाइलला काळा चौकोन लावलात. एकाने तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटरसायकल घेतली आणि आज तिची टाकी ‘अवशेष’ म्हणून इथे मांडली आहे. ‘विक्रांत’ उभी होती तेव्हा बघायला किती जण गेला होतात? हात वर करा. बघा म्हणजे. जे गेले होते त्यांच्यापैकी एकाने तरी इंजिनरूमचं मोजमाप घेतलं? तिच्यावर काम केलेल्या एखाद्या आर्टिफिसरशी, म्हणजे नौदलातल्या तंत्रज्ञाशी, बोलून चार पानं लिहून ठेवली?

आता हे ऐका. 1817 साली मुंबईच्याच गोदीत वाडियांनी सागवानी लाकडाची एक युद्धनौका बांधली, ‘त्रिंकोमाली’. ओक मिळेनासा झाला म्हणून इंग्रज आपल्याकडे बांधून घेत होते. 1897 मध्ये ती भंगारात निघाली, तेव्हा जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका माणसाने ती विकत घेतली. हौशी माणूस. त्याच वर्षी त्याचं आधीचं जहाज, नेल्सनची जुनी ‘फूड्रॉयंट’, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं होतं. दुसरा असता तर घरी बसला असता. याने ‘त्रिंकोमाली’ घेतली, तिला जुन्या जहाजाचं नाव दिलं आणि पोरांना नाविक शिक्षण द्यायला लावली. पुढे हार्टलपूलला दहा वर्षांहून अधिक काळ खपून लोकांनी ती पुन्हा उभी केली. ब्रिटनमधली अजून पाण्यावर असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका आज तीच आहे. मुंबईत बांधलेली. तिची साधी पाटीसुद्धा या प्रदर्शनात नाही. का? कारण तिच्याबद्दल कुणी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलं नाही.

आता योगवाले. अगं, तू पुढे ये, मागे लपू नकोस. ‘पाच हजार वर्षांपूर्वीचा सूर्यनमस्कार’ ही पाटी तुझी ना? पाच हजार हा आकडा कुठून काढलास? आज शाळेशाळेतून घालतात ती पद्धत घरोघर पोचवली औंधच्या पंतप्रतिनिधींनी, विसाव्या शतकात. संस्थानच्या शाळांतून सुरू केली, त्यावर पुस्तक लिहिलं, स्वतः रोज घातले. आपल्या साताऱ्याच्या बाजूचा राजा, त्याचं नाव गाळून तू पाच हजारांवर उडी मारलीस. आणि पतंजलींच्या चित्राखाली ‘आसनांचे जनक’? पाठभेदाने 195 किंवा 196 सूत्रं आहेत, त्यातली थेट आसनावर फक्त तीन. पुस्तक पातळ आहे गं. रिक्षातून येता-येता वाचून झालं असतं.

त्याहून वाईट पुढेच. मघाशी स्टेजवर तू एका साठीच्या गृहस्थांना शीर्षासनात उभं केलंस. त्यांना रक्तदाब आहे का, विचारलंस? काचबिंदू? मानेच्या मणक्यांचा त्रास? डोकं खाली केलं की डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूवाल्याला तो परवडत नाही. तू विचारलं नाहीस, कारण तुझ्याकडे प्रमाणपत्र आहे. किती दिवसांचं ते मी विचारत नाही, तुलाच लाज वाटेल. पुण्यात राहतेस तू! ज्या पुण्यात योगगुरू अय्यंगार 1937 मध्ये आले आणि 2014 मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत शिकवत राहिले. लहानपणी आजारांनी खंगलेला मुलगा. म्हणूनच ज्याचं शरीर वळत नाही त्याच्यासाठी त्यांनी पट्टे, विटा, दोर, खुर्च्या वापरात आणल्या. तुझ्या स्टेजवर एक वीट नव्हती.

आणि लोणावळ्याच्या कुवलयानंदांचं नाव ऐकलं आहेस? जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले, माधवदासजींकडे योग शिकले. पण गुरूंनी सांगितलं म्हणून मान डोलवून थांबले नाहीत. पोटाचे स्नायू फिरवणारी नौली करताना पोटात नेमकं काय होतं हे पाहायला क्ष-किरण लावले, दाबमापक लावला, आणि मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब तयार होतो हे मोजून दाखवलं. 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक, प्रयोगांचे आकडे छापायला. शंभर वर्षं झाली त्याला. तू शंभर वर्षांनी येऊन ‘शरीरातली विषद्रव्यं निघून जातात’ असं लिहितेस. कोणती विषद्रव्यं? एकाचं नाव सांग. बस खाली.

टीव्हीवाल्या, आता तू. शटरचा टीव्ही चोर बाजारातून आणलास, पॉलिश झकास केलंस, चारही पाय शाबूत. पाटी: ‘1982 च्या एशियाडचं रंगीत प्रक्षेपण याच टीव्हीवर पाहिलं गेलं’. अरे शहाण्या, सेट कृष्णधवल आहे! दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण 1982 ला आलं हे खरं, पण या पेटीत रंग शिरणार कुठून? तुझ्या आजोबांनी काचेपुढे वर निळं, खाली हिरवं असं प्लॅस्टिक अडकवलं असेल, तर तसं लिही. आमच्या शेजारी होतं तसलं. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि पदर हिरवा दिसायचा, आणि सगळा वाडा कौतुकाने बघायचा.

शेजारच्या दुसऱ्या पेटीचं तर काय सांगू. आत एलईडी बसवलाय, पेन-ड्राइव्हवरून ‘छायागीत’ चालू, आणि पाटीवर ‘पुनरुज्जीवित’. ट्यूबच्या मानेवरचं योक भंगारात, उच्च दाबाचा ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर भंगारात, पिक्चर ट्यूब भंगारात, आणि मागच्या झाकणाच्या आतून चिकटवलेला सर्किटचा कागद खरवडून स्वच्छ! तो कागद या सगळ्या लाकडाहून मोलाचा होता. तू टीव्ही जपला नाहीस, कपाट जपलंस.

पण मी भडकले ते वेगळ्याच गोष्टीवर. मी आले तेव्हा तू पहिल्या सेटचं झाकण काढून, स्क्रूड्रायव्हर आत घालून कॉलेजच्या पोरांना समजावत होतास. ‘प्लग काढलाय बाई, काही होत नाही.’ नववीला वीजभार साठवणारी लेडन बरणी शिकवली होती. बाकावर झोपला होतास? पिक्चर ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून ग्रॅफाइटचा थर असतो. मध्ये काच, दोन्हीकडे वाहक. म्हणजे ती लेडन बरणीच झाली, आणि चांगली मोठी. कृष्णधवल सेटमध्ये तिच्यावर दहा हजार व्होल्टच्या वर असतात, रंगीतमध्ये वीस-पंचवीस हजार. प्लग काढला तरी तो भार तासन्‌तास राहू शकतो. जाणता मेकॅनिक आधी ट्यूबभोवतीच्या अर्थच्या जाळीला वायर चिमट्याने जोडतो, ती स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला बांधतो, आणि मग पाते रबरी टोपीखाली सरकवतो. एक हात पाठीमागे. थोड्या वेळाने पुन्हा तेच करतो, कारण भार हळूहळू परत जमतो. बऱ्याच जुन्या सेटमध्ये चासीच मेनच्या एका वायरला भिडलेली असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर चालू सेटच्या चासीला हात म्हणजे थेट मेनला हात. ट्यूबची मान नाजूक, आत निर्वात पोकळी. धक्का बसला तर काच आधी आत कोसळते आणि मग तुझ्या तोंडावर येते. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला सेट एकदम सॉकेटमध्ये खुपसायचा नाही, आधी सिरीज बल्ब लावायचा. कंडेन्सर वाळलेले असतात, फुटतात. यातलं काही त्या पोरांना सांगितलंस? नाही. तू सांगत होतास, हा टीव्ही किती लाइक्स खेचतो.

मी एवढी का चिडते? मोठी संग्रहालयं तोफा आणि सिंहासनं ठेवतील. पण कुठल्या सेटचा कुठला कंडेन्सर आधी जायचा, सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे अँटेना कशी फिरवायची, बॉयलर तडकल्यावर इंजिनरूममधल्या माणसांनी काय केलं, हे ठेवायला हौशी माणसाशिवाय कुणीही येणार नाही. आणि तुम्ही जे खोटं लिहाल ते दुरुस्त करायलाही कुणी येणार नाही. उद्या एखादं पोर याच पाटीचा फोटो काढून प्रकल्पाच्या वहीत चिकटवेल. तुमच्या प्रत्येकाच्या गावात एक म्हातारा टीव्ही मेकॅनिक अजून आहे, डोळ्यांना कमी दिसणारा, पण आवाजावरून दोष ओळखणारा. गोदीतून निवृत्त झालेले फिटर आहेत. त्यांच्याकडे जायचं सोडून तुम्ही चोर बाजारात घासाघीस करता. वस्तू विकत घेतली की विषय आपल्या मालकीचा झाला, ही तुमची समजूत, आणि तीच मला खपत नाही.

तेव्हा प्रदर्शन उद्या बंद. सगळ्या पाट्या उतरवा. नवी पाटी लिहिताना खाली लिहायचं की हे कुठे वाचलं किंवा कुणाकडून ऐकलं. ते लिहिता येत नसेल तर पाटी लावायची नाही. ‘विक्रांत’वरची हॅरियर काढ आणि सी हॉक कर, नाहीतर पाटीवरचं साल बदल, दोन्हीपैकी एक. योगवाली, त्या शीर्षासनातल्या गृहस्थांना फोन करून मान दुखते का विचार, आज रात्रीच. आणि तो टीव्ही... झाकण लाव त्याला आत्ताच्या आत्ता. चार स्क्रू घट्ट. जाणता माणूस शेजारी बसल्याशिवाय ते पुन्हा उघडायचं नाही.