पाहणारा आणि ओळखणारा

‘शोध लागला’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो की, त्यात दोन निराळ्या कृत्यांची गल्लत होते हे ध्यानातही येत नाही. वस्तू प्रथम दृष्टीस पडणे हे एक, आणि ती वस्तू काय आहे हे कळणे हे दुसरे. पुष्कळदा ही दोन्ही कृत्ये एकाच माणसाच्या हातून घडतात व त्यामुळे त्यांतील भेद झाकला जातो. परंतु जेथे ती दोन माणसांत, दोन देशांत, क्वचित दोन पिढ्यांत विभागली जातात, तेथे शोध कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न केवळ मानापमानाचा असता तर तो विद्वानांच्या भांडणावर सोडून देता आला असता. पण ज्याचे त्यास देणे हा न्यायाचा पहिला पाठ आहे, आणि ‘ज्याचे’ म्हणजे नक्की कोणाचे, हेच येथे ठरवावयाचे आहे.

हा विचार करण्यास मी जो दृष्टांत घेतो, तो मनुष्याने कधीही जिवंत न पाहिलेल्या एका प्राण्याचा आहे. बव्हेरियात सोल्नहोफेन आणि आइखश्टेट या गावांच्या आसपास अत्यंत बारीक कणांचा, फिकट पिवळसर चुनखडक निघतो. आपल्याकडील जुन्या शिळाप्रेसच्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांनी या दगडास मनोमन नमस्कार करावा. कारण शिळाछापाची कला ज्या दगडावर जन्मास आली तो हाच होय. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ, निवांत खाजण होते आणि त्याच्या तळच्या गाळात जे पडले त्याची रेघ न् रेघ उमटून राहिली. या दगडातील एक लहानसा सांगाडा मॅनहाइम येथील राजसंग्रहात आला. तो खाणीत प्रथम ज्याच्या छिन्नीखाली उघडा पडला त्या माणसाचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. संग्रहाचा प्रमुख कोझिमो आलेसान्द्रो कोल्लिनी याने १७८४ साली त्याचे वर्णन व चित्र प्रसिद्ध केले. हा इटालियन गृहस्थ तरुणपणी व्हॉल्टेअरचा चिटणीस होता, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. संशय घेण्याची दीक्षा त्यास बऱ्या घरी मिळाली होती.

कोल्लिनीपुढे जे होते ते असे: लांब चोच, परंतु चोचीत दात, लांब मान, पुढच्या पायाला तीन लहान नखेरी बोटे आणि चौथे बोट काठीसारखे अतोनात लांब. पक्षी म्हणावे तर दात आड येतात. वटवाघूळ म्हणावे तर डोके तसे नाही. तेव्हा हा पक्षी नव्हे, वटवाघूळही नव्हे, असे त्याने लिहिले, आणि समुद्राच्या पोटात अद्याप पुष्कळ अज्ञात प्राणी असतील, त्यांपैकीच हा एखादा असावा, असा तर्क केला. तर्क चुकला. परंतु चित्र चुकले नाही. आपल्या तर्कास सोयीचे व्हावे म्हणून त्याने त्या विचित्र बोटाचे वल्हे करून दाखविले नाही; जे त्यास कळले नाही तेही त्याने जसेच्या तसे रेखाटले.

पुढे सोळा वर्षे त्या चित्राचे कोणी फारसे काही केले नाही. १८०० साली स्ट्रासबुर्गच्या योहान हेरमान याने पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हिये यास पत्र लिहून कळविले की, ते लांब बोट म्हणजे पंखाचा दांडा होय व त्यावर कातडीचा पडदा ताणलेला असला पाहिजे. हेरमानने तो प्राणी सस्तन मानला आणि त्याच्या अंगावर लव काढली. क्यूव्हियेने पंख स्वीकारला, पण सस्तनपण नाकारले. दातांची एकसारखी साधी ठेवण, खालचा जबडा कवटीस जोडणारे स्वतंत्र हाड, यांवरून त्याने निर्णय दिला की हा सरड्या-मगरींच्या कुळातील, पण उडणारा प्राणी आहे. पुढे १८०९ मध्ये त्याने त्यास ‘टेरोडॅक्टिल’, म्हणजे पंखांगुली, हे नाव दिले. विशेष हे की, निर्णय देताना क्यूव्हियेने मूळ दगड पाहिलाच नव्हता. त्याच्यापुढे होते ते कोल्लिनीचे चित्र. उलट, ज्याच्या हाती पुढे तो दगड प्रत्यक्ष आला त्या झ्योमरिंग या नाणावलेल्या शरीरशास्त्रज्ञाने १८१२ साली त्यास वटवाघळाच्या जातीचे ठरविले. १८३० मध्येही वाग्लर नावाचा एक पंडित त्या बोटाचे वल्हे करून प्राण्यास पुन्हा पाण्यात लोटीत होता. हातातल्या दगडाने झ्योमरिंगचा तर्क सरळ झाला नाही आणि दगड दूर असल्याने क्यूव्हियेचा वाकला नाही, हे पाहिले म्हणजे ‘प्रत्यक्ष’ या प्रमाणाचा आपण जो बडेजाव मांडतो तो थोडा आवरता घ्यावासा वाटतो.

या प्राण्याच्या रचनेकडे क्षणभर पाहणे अवश्य आहे, कारण सगळा वाद त्या रचनेतच गुंतला आहे. पक्ष्याने पिसांचा पंख केला. वटवाघळाने चार बोटे लांबवून त्यांवर पडदा ताणला. या प्राण्याने मात्र सारा भार एका बोटावर टाकला. अंगठ्यापासून मोजीत गेले असता ते चौथे, म्हणजे आपण जिला अनामिका म्हणतो ती. करंगळी नाहीशी झालेली. बोटांच्या पेरांची संख्या अंगठ्यापासून दोन, तीन, चार अशी वाढत जाते. तो क्रम सरड्याच्या हाताशी जुळतो. मनगटापाशी एक सडपातळ हाड असते, जे दुसऱ्या कोणत्याही प्राण्यास नाही. त्याने पंखाच्या पुढील पडद्यास आधार दिला. हाडे पोकळ आणि त्यांच्या भिंती कागदासारख्या पातळ, म्हणूनच ती क्वचित टिकतात. छातीचे हाड रुंद, स्नायूंना धरून ठेवणारे. पडद्यात बारीक तंतूंची विणकर होती. तो नुसता लोंबता चामड्याचा तुकडा नव्हता. या कुळात चिमणीएवढे प्राणी होते, तसेच १९७१ साली टेक्सासमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्यास ज्याची हाडे सापडली तो सुमारे दहा मीटर पंखविस्ताराचा महाकायही होता.

त्याच १९७१ साली सोव्हिएत संशोधक शारोव्ह याने कझाकस्तानातील एका अशाच प्राण्याचे वर्णन केले, आणि त्याच्या अंगावर लवीसारखे आच्छादन दिसून आले. म्हणजे वर्ग चुकलेल्या हेरमानची लव खरी ठरली! ज्याने वर्ग बरोबर सांगितला त्याच्या नावापुढे सगळे श्रेय मांडून हिशेब बंद करणारांनी हे ध्यानात घ्यावे. ओळखणे हेही एका माणसाचे, एका क्षणाचे कृत्य नसते.

तर मग श्रेय कोणाचे? रूढ उत्तर असे की, ज्याने ओळखले त्याचे. वस्तू तर लाखांच्या दृष्टीस पडतात. अर्थ लावणारा विरळा. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. परंतु त्याच्या पोटी एक गृहीत दडलेले आहे, ते असे की पाहणे हे निष्क्रिय आहे, आरशात प्रतिबिंब पडावे तसे. हे मला मान्य नाही. न कळलेली वस्तू नीट पाहणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. कळलेल्या वस्तूच्या रेषा मन आपोआप पुऱ्या करते; न कळलेल्या वस्तूच्या रेषा ते चोरून बदलू पाहते. त्या चोरीस प्रतिबंध करणे हे बुद्धीपेक्षा शीलाचे काम अधिक.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना ही गोष्ट निराळ्या तऱ्हेने पटेल. तेथील फौंड्र्यांत वाळूचे साचे घालणारा कारागीर रोज शेकडो आकार वाळूत उमटवितो. पॅटर्न उचलला की वाळूत पोकळी राहते, तीत लोखंडाचा रस ओततात, आणि वस्तू तयार होते. जीवाश्मांतही पुष्कळदा हेच होते: देह नाहीसा होतो, दगडात त्याचा साचा राहतो, व निसर्ग त्यात दुसरेच काही ओततो. आता त्या कारागिरास आपण घातलेला भाग कोणत्या यंत्रात बसणार आहे हे ठाऊक असतेच असे नाही. ते ठाऊक नाही म्हणून त्याने एखादी कंगोरी आपल्या मनाने बुजविली तर? यंत्र दूर कोठे तरी मोडेल आणि दोष कोणाचा हे कोणास कळणारही नाही. अर्थ ठाऊक नसताना आकार प्रामाणिकपणे राखणे, यातच त्याचे कर्तव्य साठवलेले आहे. कोल्लिनीने हेच केले.

(शिरोलीच्या परिसरात उडत्या सरीसृपाचे हाड शोधण्यास मात्र कोणी जाऊ नये. तेथला काळा दगड लाव्ह्याचा आहे. दख्खनचे हे थर मुख्यतः ज्या काळात पसरले तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा काळ, आणि पंधरा कोटींहून अधिक वर्षे आकाशात राहिलेले हे कुळ पृथ्वीवरून नाहीसे झाले तेही त्याच सुमारास.)

कोणी म्हणेल, हे सर्व खरे. पण पाहणारास आज कोण विसरतो? विसरतात, आणि तेही एका ठरावीक दिशेने विसरतात. इंग्लंडच्या लाइम रेजिस येथे १८२८ साली मेरी ॲनिंग या गरीब घरच्या स्त्रीला समुद्रकाठच्या कड्यात असाच एक प्राणी सापडला. बकलंड याने १८२९ मध्ये आपल्या निबंधात तिचे नाव घेतले, ही त्याची सभ्यता. परंतु ज्या संस्थेत अशा विषयांवर निबंध वाचले जात, त्या लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेचे सभासदत्व स्त्रियांस १९१९ पर्यंत मिळत नव्हते, आणि ॲनिंग तर १८४७ मध्येच वारली. पुढे ओवेनने त्या प्राण्यास ‘डायमॉर्फोडॉन’ हे नाव दिले. पुस्तकांत नावाशेजारी नाव ठेवणाराचेच नाव छापतात.

हाच ओवेन आपल्याकडेही भेटतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांस चांद्याच्या बाजूस मांगली येथे एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि १८५५ मध्ये ओवेनने तिचे ‘ब्रॅकिऑप्स’ असे नामकरण केले. हिस्लॉप १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. दगड विलायतेस गेले याची हळहळ आपल्यांतील काही जणांना वाटते, व ती अगदीच अस्थानी नाही. पण हिस्लॉपसारख्याची दृष्टी त्या ओढ्याकाठी पोहोचली नसती तर ती कवटी आज कोणत्याच संग्रहालयात नसती, हेही तितकेच खरे. माझी तक्रार निराळी आहे. हिस्लॉपचे नाव नागपूरच्या महाविद्यालयामुळे तरी राहिले. त्या रानात वाट दाखविणारे, दगड फोडणारे, ‘हा दगड निराळा दिसतो’ असे म्हणणारे जे कोणी असतील, त्यांचे नाव कोठेच नाही. जो प्राणी अनामिकेच्या बळावर उडाला त्याच्या शोधाचा भारही अनामिकांनीच वाहिला, असे म्हटले तर शब्दखेळाचा दोष लागेल. तो पत्करून मी ते म्हणतो.

ओळखणाराचे कर्तव्य मग काय? आपण ज्याच्या खांद्यावर उभे आहोत त्याचे ऋण सांगणे एवढेच नव्हे, तर आपला निर्णय फिरविता येईल अशा रीतीने पुरावा पुढे ठेवणे. या कसोटीची गरज आपल्या देशातच स्पष्ट दिसते. गडचिरोलीच्या सिरोंचा भागात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखला जाणारा चुनखडक जुन्या जीवांनी समृद्ध आहे. त्यातील माशांचे वर्णन १८५१ सालीच प्रसिद्ध झाले होते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहनलाल जैन यांनी १९७४ मध्ये या थरांतील जबड्याच्या एका तुकड्यावरून उडत्या सरीसृपाची एक जात वर्णिली आणि तिला ‘कॅम्पिलोग्नॅथॉइड्स इंडिकस’ हे नाव दिले. आपल्या भूमीवरही हे प्राणी उडत होते, या कल्पनेने कोणाचे मन फुलणार नाही? परंतु पुढील अभ्यासकांनी शंका घेतली की, इतक्या अपुऱ्या तुकड्यावरून तो उडता सरीसृप म्हणता येतो काय. कदाचित तो माशाचाही असेल. ही शंका ज्या वर्णनावरून घेता आली ते वर्णन जैन यांचेच. त्यांनी मोजून, रेखून ठेवले नसते तर त्यांस खोडून काढणेही अशक्य झाले असते. ‘इंडिकस’ हे नाव आज ग्रंथांत प्रश्नचिन्हासह उभे आहे, आणि कोट्याच्या त्याच थरांत माशांचे खवले अजून निघत आहेत.