जुनं स्केच, आजचा हात



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४३.

अर्जुनाची इथली शंका आपल्या सगळ्यांचीच आहे. श्रद्धेने साधना सुरू केली आणि मध्येच सुटली, तर त्या माणसाचं काय होतं? भगवंत सांगतात, की केलेलं वाया जात नाही. पुढच्या जन्मी त्याला आधीची बुद्धी परत मिळते आणि तो तिथून पुढे निघतो.

पुढचा जन्म राहू द्या, या जन्मातलंही कितीतरी अर्धवट असतं. माझ्याकडे कंधारच्या किल्ल्याचं कॉलेजच्या वयातलं एक पेन्सिल स्केच आहे. खंदकातलं पाणी, तटबंदी आणि काठावर बसलेले आजोबा. आजोबा आता नाहीत. हे स्केच अ‍ॅक्रिलिकमध्ये पूर्ण करायला घेतलं, चौकटी आखून कॅनव्हासवर उतरवलं, आणि हात थांबला. फेट्याचा रंग कोणता? आणि त्यांची पाठ तेव्हा जशी काढली, तशीच ठेवायची की आज येतं तशी 'सुधारायची'? गेलेल्या माणसाच्या चित्रात आपण किती घालावं?

इथे पैठणचे नाथ महाराज आठवतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांमध्ये शिरलेले अपपाठ काढले, आणि यात आपली ओवी कुणी घालू नये असं बजावलं. पण त्यांचं स्वतःचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं, ते परंपरेनुसार शिष्य गावबाने पूर्ण केलं. एकीकडे भर घालायला मनाई, दुसरीकडे भर घालणं हीच सेवा! यात विरोध नाही. माउलींचा ग्रंथ पूर्ण होता, रामायण अपुरं होतं. जे पूर्ण आहे ते जपायचं, जे मोकळं आहे ते भरायचं. आणि भरायचं तेही मनाला येईल तसं नाही. गावबा नाथांच्या सहवासात राहिलेला होता.

म्हणून आजोबांची पाठ तशीच ठेवली. फेट्याचं आजीला विचारलं. ती म्हणाली, "पांढराच होता की रे. धुऊन धुऊन पिवळट पडलेला." असा रंग मी कल्पनेने कधीच लावला नसता.

अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याने निघत नाही, पण त्यावर नवा थर चढतो. साधनाही तशीच. आपण काय करतो? पारायण सुटलं, की 'आता पुन्हा पहिल्या अध्यायापासून' म्हणतो, आणि पहिलाच अध्याय दहा वेळा वाचतो. गीता असं म्हणत नाही.

आज एवढंच करा. पोथीतली खूण जिथे आहे, तिथेच उघडा आणि पुढची ओवी वाचा.

राम कृष्ण हरी 🙏